स्फटिकातील ‘दोष’ : तापदीप्तिमापनाच्या इतिहासातील एक प्रकरण

भिवंडीच्या यंत्रमागावरून उतरलेला कोरा तागा तपासताना ताण्यातील तुटलेला एक धागाही दोष ठरतो व मालाचा भाव उतरतो. त्याच गावातील क्ष-किरण खोलीत काम करणारा तंत्रज्ञ छातीवर जो बिल्ला लावतो, त्याची उपयुक्तता मात्र सर्वस्वी दोषावर अवलंबून असते. एकच शब्द दोन ठिकाणी असे विरुद्ध मोल कसे धारण करतो, हे पाहण्यासाठी तापदीप्तीचा इतिहास थोडा तपासणे इष्ट होय.

प्रारणाचा मारा झालेला एखादा पदार्थ तापविला असता त्यातून प्रकाश बाहेर पडतो, यास तापदीप्ती म्हणावे. रॉबर्ट बॉईल याने 1663 मध्ये एका हिऱ्याला अंगाची ऊब देऊन अंधारात त्याची मंद प्रभा पाहिली व रॉयल सोसायटीस कळविली. वीडमान व श्मिट यांनी 1895 मध्ये कॅथोड किरणांनी प्रभावित केलेल्या अनेक पदार्थांचा अभ्यास केला. मँगनीजचा अंश असलेले कॅल्शियम सल्फेट त्यांत होते. परंतु प्रकाश इतका काळ कोठे दडून राहतो, या प्रश्नास गणिती उत्तर 1945 मध्ये रँडल व विल्किन्स यांनी दिले. स्फटिकाच्या रचनेतील रिक्त स्थाने व परके अणू हे इलेक्ट्रॉनांचे सापळे होत. उष्णता मिळाली की कैदी सुटतो, आणि सुटताना प्रकाश देतो. 1950 नंतरच्या दशकात अमेरिकेत फॅरिंग्टन डॅनियल्स यांनी लिथियम फ्लुओराइडच्या साहाय्याने या गुणाचा उपयोग प्रारणमापनासाठी केला.

आपल्याकडील प्रकरणाचा आरंभ यानंतर होतो. डिस्प्रोशियम वा थुलियम मिसळलेले कॅल्शियम सल्फेट प्रारणमापनास उत्तम, असे जपानमधील यामाशिता व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 मध्ये दाखवून दिले. म्हणून हा पदार्थ ट्रॉम्बेचा शोध होय, असे अभिमानाने म्हणणे सत्यास धरून होणार नाही. ट्रॉम्बेचे श्रेय निराळे आहे, आणि ते कमी प्रतीचे नाही. भाभा अणुसंशोधन केंद्रातील नंबी, बापट व गांगुली यांनी 1974 मध्ये विरल-मृदा धातूंची कॅल्शियम सल्फेटातील तापदीप्ती पद्धतशीरपणे अभ्यासली व तिचा एक आराखडा मांडला. त्यावर पुढे पुष्कळ चर्चा झाली. 1975 पासून त्याच पदार्थाच्या बिल्ल्याने देशभरातील प्रारणकर्मचाऱ्यांचे मापन सुरू झाले. त्यापूर्वी वापरात असलेली फोटोफिल्म उष्ण व दमट हवेत बिघडत असे, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या बिल्ल्यात टेफ्लॉनमध्ये बसविलेल्या तीन चकत्या असतात : एक तांबे व ॲल्युमिनियम यांच्या गाळणीखाली, दुसरी पर्स्पेक्सखाली, तिसरी उघडी. कॅल्शियम सल्फेट हे मानवी ऊतींपेक्षा जड अणूंचे असल्याने कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांना अधिक प्रतिसाद देते. तीन चकत्यांच्या तुलनेने ही त्रुटी भरून काढता येते. कॅल्शियमच्या द्विसंयोजी अणूची जागा त्रिसंयोजी डिस्प्रोशियम घेतो, तेव्हा भार समतोल राखण्यासाठी कॅल्शियमची काही स्थाने रिक्त राहतात. हा दोष मनुष्याने हेतुपूर्वक घडविलेला आहे. चकती सुमारे 220 अंश सेल्सियसपर्यंत व त्यापलीकडे तापविली की साठलेली नोंद प्रकाशरूपाने वाचली जाते. परंतु वाचताच ती बहुतांशी पुसलीही जाते. म्हणून वाचन करणाऱ्याने चूक केली तर पुनः विचारण्यास साक्षी उरत नाही. तंत्रज्ञाला किती प्रारण लागले, हे सांगणारे ते एकमेव वेळचे बोलणे असते.

आता शब्दाकडे वळावे. ‘दुष्’ या धातूपासून आलेला ‘दोष’ बिघाड सुचवितो; रत्नपरीक्षेतही तो मोल उतरविणारा आहे. मात्र आयुर्वेदात वात, पित्त व कफ यांनाही दोष म्हणतात. ते शरीर धारण करतात, समतोल ढळला तरच विकार होतो. स्फटिकशास्त्राच्या मराठी परिभाषेत ‘दोष’ हा शब्द रूढ झाला, तेव्हा रत्नपारख्याचा अर्थ त्यासोबत आला व वैद्याचा मागे राहिला, असे प्रस्तुत लेखकास वाटते. शब्द बदलण्याची गरज नाही. तो शिकविताना दुसरा अर्थही विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. निर्दोष स्फटिक प्रारणास विसरून जातो; ज्यात उणीव आहे तोच त्याची साक्ष देऊ शकतो.