बबीनावरून जाणारी गाडी

झाशी सोडून भोपाळकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात बबीना ओलांडते. हे गाव ओळखले जाते ते लष्करी छावणीमुळे. पण लखनौ-कानपूरकडची किती माणसे याच रुळांवरून मुंबईत उतरली! अठराव्या शतकात नेवाळकरांसारखी मराठी घराणी उलट दिशेने येऊन झाशीत वसली होती. ही माणसे मात्र घर मागे ठेवून गेली.

मुझफ्फर अलींचा ‘गमन’ (१९७८) त्यांच्यावरचा. फारूक शेखचा गुलाम हसन आई आणि बायको खैरूनला (स्मिता पाटील) गावी ठेवून मुंबईत टॅक्सी चालवतो. या ताटातुटीत भांडण नाही. गावाहून पत्रे येतात, आईच्या आजारपणाची. अखेरीस तो स्टेशनापर्यंत येतो आणि गाडीत बसत नाही.

फान लिशिन यांच्या ‘लास्ट ट्रेन होम’ (२००९) या माहितीपटात गाडी मिळते. ग्वांगडाँगच्या कारखान्यात राबणारे आईबाप नववर्षाला सिचुआनमधल्या गावी पोचतात, तर आजीआजोबांकडे वाढलेली मुलगी त्यांना परके मानते. तीही शाळा सोडून कारखान्यात जाते. पुढे घरातच बाप तिच्यावर हात उगारतो. चीनमध्ये १९५८पासूनची हुकोऊ नोंदणी अशा मुलांना गावाशी बांधून ठेवते. आपल्याकडे तसा कायदा नाही. ते काम मुंबईतल्या खोलीचे भाडे करते.

मला तरी ‘गमन’च जास्त छळतो. त्या चिनी मुलीला निदान ओरडायला बाप समोर सापडतो. खैरूनला रागवायचे तर कुणावर? पत्रावर?