खिंड ओलांडणारे अणू

अभिक्रियेचा वेग शिकवताना आपण फळ्यावर एक आकृती काढतो. डावीकडे अभिकारके, उजवीकडे उत्पादिते आणि मधे एक टेकाड. टेकाडाची उंची म्हणजे सक्रियण ऊर्जा, हे विद्यार्थी पाठ करतात. पण एखाद्या चौकस मुलीने विचारले, "सर, आडव्या अक्षावर काय आहे?" तर आपली पंचाईत होते. पुस्तकात तेथे 'अभिक्रियेची प्रगती' असे काहीतरी मोघम लिहिलेले असते. या अक्षावर नेमके काय आहे हे ठरवायला रसायनशास्त्रज्ञांना चाळीसहून अधिक वर्षे लागली.

१८८९ साली स्वीडनचे स्वांते अऱ्हेनियस उसाच्या साखरेच्या आम्लातील विघटनाचा विचार करत होते. तापमान एका अंशाने वाढवले की या अभिक्रियेचा वेग दहा टक्क्यांहून अधिक वाढतो. रेणूंचा सरासरी वेग मात्र तेवढ्याने जेमतेम एकषष्ठांश टक्का वाढतो. तेव्हा सगळे रेणू अभिक्रिया करत नसावेत, थोडेसे 'सक्रिय' रेणूच करत असावेत आणि त्यांची संख्या तापमानाबरोबर झपाट्याने वाढत असावी, असा त्यांनी तर्क केला. टेकाडाचा जन्म येथे झाला.

पुढचा प्रश्न असा, की रेणू एकमेकांवर आदळतात तरी किती वेळा? नेहमीच्या दाबाखाली वायूच्या एकेका रेणूला सेकंदाला काही अब्ज टकरा बसतात. प्रत्येक टक्कर फळली असती तर वायूंची कोणतीही अभिक्रिया क्षणार्धात संपली असती. जर्मनीत मॅक्स ट्राउट्झ यांनी १९१६ मध्ये आणि इंग्लंडात विल्यम लुईस यांनी १९१८ मध्ये टकरांची संख्या व पुरेशी ऊर्जा असलेल्या टकरांचे प्रमाण यांचा गुणाकार करून वेग काढला. मधे महायुद्ध असल्याने एकाचे काम दुसऱ्याला ठाऊक नव्हते. हायड्रोजन आयोडाइडच्या विघटनासाठी लुईस यांचे उत्तर प्रयोगाशी छान जुळले. मोठ्या रेणूंच्या बाबतीत मात्र हेच गणित हजारो, कधी लाखो पटींनी चुकू लागले. कारण त्यात रेणू म्हणजे नुसत्या गोट्या होत्या. शिवाय टेकाडाची उंची प्रयोगातूनच घ्यावी लागे. ती का आहे, हे कोणी सांगत नव्हते.

सर्वांत साधी अभिक्रिया घेऊ. हायड्रोजनचा एक अणू हायड्रोजनच्या रेणूवर आदळतो, त्यातला एक अणू पळवतो आणि दुसरा मोकळा होतो. रेणूतला बंध सरळ तोडायचा तर मोलमागे सुमारे १०४ किलोकॅलरी लागतात. या अभिक्रियेला त्याच्या एकदशांशाहून कमी ऊर्जा पुरते. १९२८ मध्ये फ्रिट्झ लंडन यांनी पुंजयामिकीच्या आधारे याचे मर्म सांगितले : जुना बंध आधी तुटून मग नवा जुळतो असे नाही. एक सैल होत असतानाच दुसरा जुळत जातो.

या सूत्राचा नकाशा बर्लिनमध्ये मायकेल पोलानी आणि अमेरिकेहून आलेले तरुण हेन्री आयरिंग यांनी बनवला. तो १९३१ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन अणू एका रेषेत आहेत असे समजा. येणाऱ्या अणूचे मधल्या अणूपासूनचे अंतर एका अक्षावर, जाणाऱ्याचे दुसऱ्यावर आणि ऊर्जा ही उंची. भूगोलाच्या तासाला काढतो तशा समोच्चरेषा काढल्या की दोन दऱ्या दिसतात आणि त्यांना जोडणारी एक खिंड. सर्वांत कमी चढाची पाऊलवाट या खिंडीतूनच जाते. ती वळणदार वाट सरळ करून फळ्यावर मांडली की आपले टेकाड तयार होते. आडवा अक्ष म्हणजे ही वाट! त्या मुलीला भूगोलाच्या खोलीतला नकाशाच दाखवावा.

नकाशा निर्दोष नव्हता. त्यात वर्णपटांवरून मिळालेले आकडे मिसळले होते आणि खिंडीच्या माथ्यावर एक खोलगट जागा उमटली होती. थट्टेने तिला 'आयरिंग सरोवर' म्हणत. पुढच्या अचूक गणितांत हे सरोवर नाहीसे झाले. खिंडीची उंची आज सुमारे ९.६ किलोकॅलरी मानतात.

नाझी सत्तेवर आल्यावर पोलानी १९३३ मध्ये जर्मनी सोडून मँचेस्टरला गेले. आयरिंग प्रिन्स्टनला होते. तेथे त्यांना सुचले, की सारा प्रवास मोजायची गरज नाही. खिंडीच्या माथ्यावर नाका बसवून पलीकडे किती जातात एवढे मोजले की झाले. यात खिंडीच्या उंचीइतकीच तिची रुंदीही महत्त्वाची ठरते. मोठ्या रेणूंना ठरावीक ढबीतच एकमेकांशी भिडावे लागते, म्हणजे त्यांची खिंड अरुंद असते. गोट्यांचे गणित का फसले ते येथे कळले. हा लेख नियतकालिकाने आधी नाकारला. संपादक हॅरल्ड युरी यांच्याकडे यूजीन विग्नर व ह्यू टेलर यांनी रदबदली केल्यावर तो १९३५ मध्ये छापला गेला. त्याच वर्षी एव्हान्स आणि पोलानी यांनीही स्वतंत्रपणे हेच मांडले.

पण नाक्यावरचा पहारेकरी प्रवासाची हकीकत सांगत नाही. १९३६ मध्ये हिर्शफेल्डर व आयरिंग यांनी एका टकरीचा मार्ग हाताने आकडेमोड करत आखायला घेतला, तो पुरा झाला नाही. १९६५ मध्ये कार्प्लस, पोर्टर आणि शर्मा यांनी संगणकावर त्रिमितीतल्या हजारो टकरा चालवून पाहिल्या. याच अभिक्रियेचे अचूक पुंजयामिकी गणित त्रिमितीत व्हायला १९७६ साल उजाडले. तीन अणू आणि तीन इलेक्ट्रॉन, एवढाच पसारा!

नकाशाचा खरा उपयोग पोलानींचे चिरंजीव जॉन यांनी टोरांटोत दाखवला. खिंड वाटेच्या वळणाअलीकडे, येणाऱ्या दरीत असेल तर वेगाने आदळण्याचा उपयोग होतो. ती वळणापलीकडे असेल तर नुसता वेग कामाचा नाही. अणू समोरच्या भिंतीवर आदळून परत फिरतात; तेथे रेणूचे कंपन हवे. एकाच उंचीच्या दोन टेकाडांमधला हा फरक फळ्यावरच्या आकृतीत दिसत नाही. खिंड अलीकडे असेल, तर उतरताना सुटलेली बरीच ऊर्जा नव्या रेणूच्या कंपनात जाते. हायड्रोजन अणू आणि क्लोरीन यांच्या अभिक्रियेत असे कंपणारे रेणू अवरक्त प्रकाश देतात, हे जॉन यांनी १९५८ मध्ये टिपले होते. त्यांना १९८६ मध्ये हर्शबाख आणि ली यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्या बऱ्याच आधी, १९६५ मध्ये, कॅस्पर आणि पिमेंटेल यांनी बर्कलीत हायड्रोजन-क्लोरीनच्या स्फोटातून पहिला रासायनिक लेसर चालवला होता.