दीपगृह आणि सिंह : आयएनएस सुरतचे बोधचिन्ह

शाळेच्या गणवेशावरील बिल्ला ज्याप्रमाणे विद्यार्थ्याची ओळख सांगतो, त्याप्रमाणे प्रत्येक युद्धनौकेचे बोधचिन्ह त्या नौकेची ओळख सांगत असते. हे चिन्ह केवळ शोभेची वस्तू नव्हे. त्यातील एकेक आकृती हेतुपूर्वक निवडलेली असते व तिचा अर्थ लावावयाचा झाल्यास इतिहासाची पाने चाळावी लागतात. आयएनएस सुरत या विनाशिकेचे बोधचिन्ह या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

ही नौका आपल्या मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. १७ मे २०२२ रोजी तिचे जलावतरण झाले, ६ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरत शहरात तिच्या बोधचिन्हाचे अनावरण झाले आणि १५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईत ती नौदलात दाखल झाली. तिची लांबी १६४ मीटर असून वजन सुमारे ७,४०० टन आहे. विशाखापट्टणम, मुरगाव व इंफाळ या तिच्या तीन वडील बहिणी. चौघींनाही शहरांची नावे आहेत आणि त्या त्या प्रदेशाच्या खुणा बोधचिन्हांत घेतल्या आहेत. इंफाळच्या चिन्हात कांगला राजवाडा व मणिपूरचा पुराणप्रसिद्ध प्राणी कांगला-शा आहे. सुरतच्या चिन्हात उसळत्या लाटा, हजिरा येथील दीपगृह व गीरचा सिंह आहे. सिंह हा गुजरातचा राज्यप्राणी. तो सामर्थ्याचे प्रतीक आहे हे सांगावयास नको. दीपगृह मात्र आपल्याला मागच्या काळात घेऊन जाते.

हजिऱ्याचे हे दीपगृह १८३६ सालचे आहे. परंतु तापीच्या मुखाशी जहाजांची वर्दळ त्याच्या कितीतरी आधीपासून होती. सुरत म्हटले की आपल्या विद्यार्थ्यांना १६६४ व १६७० मधील शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या आठवतात. या शहराचे दुसरे नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मोगल काळात सुरतेला ‘बाब-उल-मक्का’, म्हणजे मक्केचे द्वार, असे म्हणत. हिंदुस्थानातील हजयात्रेकरू येथूनच जहाजात चढत.

या द्वाराची किल्ली मात्र दुसऱ्याच्या हाती होती. समुद्रावर पोर्तुगीजांचा वचक होता. त्यांचा ‘कार्ताझ’ नावाचा परवाना घेतल्यावाचून जहाज सुखरूप जात नसे. या परवान्यावर येशू व मेरी यांची चित्रे असत, म्हणून तो बाळगून हजला जावे की नाही, असा वाद अकबराच्या काळी उलेमांत निघाल्याचे इतिहासकार बदायुनीने नोंदवले आहे. ज्याचे चिन्ह कागदावर, त्याची सत्ता पाण्यावर!

बरे, परवाना घेतला म्हणून तरी निर्धास्त राहता येत होते काय? १६१३ मध्ये जहांगीर बादशहाच्या आईचे ‘रहिमी’ हे जहाज परवाना असूनही पोर्तुगीजांनी पकडून नेले. पुढे १६९५ मध्ये औरंगजेबाचे ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज यात्रेकरूंना घेऊन परतत असता हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने लुटले व प्रवाशांचे अनन्वित हाल केले. काबूलपासून दक्षिणेपर्यंत ज्याची फौज फिरत होती, त्या बादशहाला आपल्याच यात्रेकरूंच्या रक्षणासाठी परक्या कंपन्यांवर भार टाकावा लागला. जमिनीवर लाखोंचे लष्कर असूनही स्वतःचे बळकट आरमार नसले म्हणजे काय होते, याचा हा धडा आहे.

हा धडा ओळखला तो शिवाजी महाराजांनी. त्यांनी आरमार उभारले, सिंधुदुर्गासारखे जलदुर्ग बांधले. १६७९ मध्ये खांदेरी बेटासाठी इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी यांच्याशी झुंज झाली, तेव्हा स्वराज्याच्या बाजूने मायनाक भंडारी व दौलतखान हे आरमारी सरदार लढत होते. दौलतखानासमोर सिद्दी उभा होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या लढ्याला धर्माचा रंग देणे किती चुकीचे आहे ते कळते. पुढे कान्होजी आंग्रे यांनी समुद्रावर स्वतःचे दस्तक चालवले. दुसऱ्याचा परवाना घेणारे आता आपला परवाना देऊ लागले.

आयएनएस सुरतवर फडकणाऱ्या ध्वजातही हीच कथा आहे. स्वातंत्र्यानंतरही, २००१ ते २००४ हा काळ वगळता, आपल्या नौदलाच्या ध्वजावर इंग्रजांच्या काळचा तांबडा क्रूस होता. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोची येथे नवा ध्वज स्वीकारला गेला. त्यात तिरंगा असून निळ्या अष्टकोनात अशोकस्तंभावरील सिंह व नांगर आहे. अष्टकोनाचा आकार शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतला असून त्याच्या आठ बाजू आठ दिशा दर्शवितात. मुंबईतील नौदलाच्या तळांकडे पाहा: एकाला आंग्रे यांचे, तर दुसऱ्याला पोर्तुगीजांशी झुंजणाऱ्या मलबारच्या कुंजाली मरक्कार या मुसलमान दर्यावर्दी घराण्याचे नाव आहे.

विद्यार्थी मित्रहो, मुंबईहून जहाजाने हजला जाण्याची सोय १९९५ पर्यंत होती. तुमच्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्या माणसाने तो प्रवास केला असेल, तर त्याची हकीकत अवश्य विचारून घ्या. पालकांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. नौदलाचे अधिकारी घडविणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी आपल्या पुण्याजवळ खडकवासल्यास आहे व नौदलाच्या अभियंत्यांची आयएनएस शिवाजी ही संस्था लोणावळ्यास आहे. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला आहे. गणित व विज्ञान यांचा पाया पक्का करून आपली मुले-मुली या परीक्षांना का बसू नयेत? ज्या बंदरातून आपले पूर्वज दुसऱ्याच्या परवान्याने निघत, त्या बंदराच्या नावाची नौका आज आपल्याच देशाच्या चिन्हाखाली समुद्रावर फिरते आहे. तिच्यावर उभे राहण्याचा मान आपल्या मुलांनी मिळवावा, एवढीच इच्छा.