हुकूम मेंदूचा, वाट मज्जातंतूंची : लखनौची गोष्ट

‘लकवा’ आणि ‘अर्धांगवायू’ हे दोन शब्द मराठीत सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. त्यांची घराणी मात्र वेगळी आहेत. अर्धांगवायू आयुर्वेदातला. शरीरात फिरणारा वायू बिघडला की अंग हलेनासे होते, ही समजूत त्या नावातच आहे. लकवा मूळचा अरबी, युनानी वैद्यकाबरोबर आलेला. लखनौच्या हकिमांच्या लेखी तोंड वाकडे होणे म्हणजे लकवा, आणि अर्धे अंग लुळे पडणे म्हणजे फालिज. हा भेद पुढे फार मोलाचा ठरला.

युनानी शास्त्रानुसार मेंदूत ‘रूह-ए-नफसानी’ तयार होते आणि ‘असाब’ म्हणजे मज्जातंतूंमधून सर्वांगाला पोचते. तिची दोन कामे : हिस, म्हणजे संवेदना, आणि हरकत, म्हणजे हालचाल. काही असाब थेट मेंदूतून निघतात, काही ‘नुखा’मधून, म्हणजे मज्जारज्जूतून. हा विचार ग्रीक वैद्य गॅलनचा. हकीम त्याला जालीनूस म्हणत. गॅलनने लिहून ठेवलेली एक हकीकत प्रसिद्ध आहे. रथातून पडलेल्या एका माणसाच्या करंगळीची आणि तिच्या शेजारच्या बोटांची संवेदना गेली होती. इतर वैद्य बोटांवर लेप लावत बसले. गॅलनने उपचार केला तो मानेखाली, पाठीच्या कण्यावर, आणि बोटांत संवेदना परतली. दुखणे एका जागी दिसते आणि दोष दुसऱ्या जागी असतो, ही मज्जासंस्थेच्या अभ्यासातली पहिली मोठी शिकवण होय. रूह नावाचे काही तंतूंतून वाहत नाही हे पुढे ठरले, तरी ही शिकवण तसूभरही ढळली नाही.

नवाबी गेल्यानंतरही हे शास्त्र लखनौत टिकून राहिले. मुन्शी नवल किशोर यांनी 1858 मध्ये काढलेल्या छापखान्यातून तिब्बचे, म्हणजे युनानी वैद्यकाचे, ग्रंथ छापून बाहेर पडू लागले. झवाई टोल्यातल्या अझीझी घराण्याचे हकीम अब्दुल अझीझ यांनी 1902 मध्ये तकमील-उत-तिब ही शाळा स्थापन केली. फालिजच्या रोग्याला सुरुवातीचे काही दिवस मधाचे पाणी, ‘माउल-असल’, देण्याचा प्रघात या परंपरेत होता. मेंदूत साचलेल्या थंड, ओल्या कफाने असाबांची वाट अडते, असे हकीम मानत. कारण चुकीचे होते. वाट अडल्यामुळे अंग लुळे पडते, हे निरीक्षण मात्र पक्के होते.

मच्छी भवन हा जुना किल्ला 1857 च्या धुमाळीत इंग्रजांनी स्वतःच सुरुंग लावून उडवला. त्याच जागी किंग जॉर्ज मेडिकल कॉलेजची पायाभरणी डिसेंबर 1905 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्या हस्ते झाली. 1911 मध्ये वर्ग भरले. पहिल्या तुकडीत 31 विद्यार्थी होते. आता मज्जातंतू ग्रंथात वाचायचे राहिले नाहीत. शवविच्छेदनाच्या टेबलावर चिमट्याने उचलून त्यांचा माग काढायचा होता.

हकिमांच्या लकवा-फालिज भेदाला इथे शरीररचनेचा आधार मिळाला. चेहरा वाकडा झालेल्या रोग्याला डॉक्टर सांगतात, भुवया वर करा. कपाळावर दोन्ही बाजूंना आठ्या पडल्या तर दोष बहुधा मेंदूत असतो. कपाळाला मेंदूच्या दोन्ही अर्धांकडून हुकूम येतो, त्यामुळे एक बाजू बंद पडली तरी दुसरी काम भागवते. अर्धे कपाळ गुळगुळीतच राहिले तर दोष बहुधा मेंदूबाहेर पडलेल्या चेहऱ्याच्या मज्जातंतूत असतो. कुठलेही यंत्र न लावता, रोग्याच्या कपाळाकडे पाहून बिघाडाची जागा कळते. वैद्यकात इतकी सुंदर परीक्षा क्वचितच सापडेल.

मज्जातंतूतून जाणारा संदेश विजेचा असतो, पण एका पेशीकडून दुसरीकडे तो बहुतेक वेळा रसायनाच्या रूपाने जातो. ऑटो लोवी यांनी 1921 मध्ये बेडकांच्या हृदयांवर प्रयोग करून हे दाखवले. रसायनाने संदेश जातो, तर रसायनाने तो अडवताही येतो, बदलताही येतो. मज्जासंस्थेवरची कितीतरी औषधे याच विचारातून आली. लखनौत हे काम नवाबांच्या छत्तर मंझिल राजवाड्यात सुरू झाले. तिथे 17 फेब्रुवारी 1951 रोजी पंडित नेहरूंनी केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे उद्घाटन केले. या संस्थेने घडवलेले सेंटब्युक्रिडिन हे जागा बधिर करणारे औषध. अशी औषधे तंतूच्या आवरणातली सोडियमची दारे बंद करतात. सुई टोचते, कातडीला इजाही होते, पण त्याची वर्दी मेंदूपर्यंत जात नाही.

संदेशाच्या वाटा दोन आहेत, हुकूम नेणारी वेगळी आणि संवेदना आणणारी वेगळी, याचा सर्वांत करुण पुरावा लखनौच्या आसपासच्या खेड्यांत होता. विदर्भात जिला लाखोळी म्हणतात ती डाळ उत्तरेत खेसारी. 1849 पासून लखनौचे रेसिडेंट असलेले विल्यम स्लीमन यांनी त्याआधीच, 1844 च्या आपल्या पुस्तकात, सागर शहराकडच्या एका गावाची हकीकत नोंदवली होती. गहू बुडाल्यावर लोकांनी याच जातीच्या दाण्यांवर दिवस काढले, आणि 1833-34 मध्ये गावातल्या निम्म्या तरुणांचे पाय गेले. दाण्यातले विष, ओडॅप, भारतीय शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ओळखले. मेंदूतल्या ग्लुटामेट या संदेशवाहक रसायनाशी त्याचे साम्य आहे. पेशींना ते इतके चेतवते की त्या मरतात. हे विष ओळखले जाण्याच्या तीन वर्षे आधी, 1961 मध्ये, या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. तरीही गरिबाच्या ताटात ती राहिली, कारण पाऊस दगा देतो तेव्हाही हे पीक हाती लागते.

लखनौच्या मज्जाविकारतज्ज्ञांनी शेजारच्या उन्नाव जिल्ह्यातल्या अशा रोग्यांचा अभ्यास 1993 मध्ये प्रसिद्ध केला. या आजारात मेंदूकडून कण्यातून पायांकडे उतरणारे तंतू निकामी होतात. पाय लुळे न पडता ताठरतात, गुडघे एकमेकांवर आपटतात, माणूस चवड्यांवर, काठी टेकत चालतो. त्याच पायाच्या अंगठ्याला टाचणी लावली तर ती त्याला सहसा नीट कळते.