उत्तरेचा उजेड आणि शिसपेनीचें टोंक



छायाचित्र म्हणजे सूर्यप्रकाशानें आपण होऊन काढलेलें चित्र. त्यांत माणसाचा हात नाहीं आणि म्हणून त्यांत असत्यही नाहीं, अशी या कलेच्या आरंभीं पुष्कळांची समजूत होती. इंग्लंडमधील विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट यानें १८४४ पासून आपल्या छायाचित्रांचें जें पुस्तक भागाभागानें प्रसिद्ध केलें, त्याला त्यानें ‘निसर्गाची लेखणी’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. पुढें थोड्याच वर्षांत निसर्गाच्या या लेखणीच्या जोडीला माणसाची साधी शिसपेन येऊन बसली, आणि तेव्हांपासून आजपर्यंत मनुष्याची तसबीर या दोघींनीं मिळून काढलेली आहे. खिडकींतून येणारा उजेड आणि मागाहून होणारी दुरुस्ती, या दोन गोष्टींची हकीकत मी आज आपणांस सांगणार आहें.

१८३९ सालीं पॅरिस येथें दागेर याची कृति जाहीर झाली. चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटे. परंतु ती उमटण्यास उन्हांतही कित्येक मिनिटें लागत. इमारती आणि पुतळे यांना घाई नसते. जिवंत माणसाला मात्र पापणी लवविल्यावांचून इतका वेळ बसतां येत नाहीं. रसायनांत व भिंगांत सुधारणा होऊन हा काळ कमी झाला, तेव्हां १८४१ च्या मार्च महिन्यांत रिचर्ड बिअर्ड यानें लंडनमध्यें रीजंट रस्त्यावरील पॉलिटेक्निक संस्थेच्या गच्चीवर युरोपांतील पहिली सार्वजनिक चित्रशाळा उघडली. तिचें छप्पर निळ्या कांचेचें होतें. त्या काळच्या पत्र्यावर निळ्या किरणांचाच परिणाम विशेष होई; म्हणून निळी कांच घातली असतां कामाचा उजेड आंत येई आणि बसणाराचे डोळे मात्र दिपत नसत. मान हलूं नये म्हणून पाठीमागें लोखंडी दांडा उभा करून त्याचा चिमटा डोक्याला टेकवीत. आपल्या पूर्वजांच्या फोटोंत सर्वांचे चेहरे इतके गंभीर कां, असा प्रश्न मुलें नेहमीं विचारतात. त्याच्या उत्तराचा एक भाग या चिमट्यांत आहे.

कांचेचें छप्पर ज्यांच्यापाशीं नव्हतें, त्यांनीं अंगणांतच दिवाणखाना मांडला. स्कॉटलंडमध्यें १८४३ सालीं तेथील राष्ट्रीय चर्चमध्यें फूट पडून शेंकडों धर्मोपदेशक बाहेर पडले. तो प्रसंग एका मोठ्या चित्रांत रंगवावा असें डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराच्या मनांत आलें. इतके चेहरे समोर बसवून रेखाटणें अशक्य. म्हणून त्यानें रॉबर्ट अॅडम्सन या तरुण छायाचित्रकाराची मदत घेतली. एडिंबरो येथील कॅल्टन टेकडीवरील घराबाहेर खुर्च्या, मेजें, पडदे व पुस्तकें मांडून, जणुं काय खोलींतच बसले आहेत अशा रीतीनें, त्यांनीं उघड्या उजेडांत माणसांचीं चित्रें काढलीं. अॅडम्सन १८४८ च्या जानेवारींत अवघा सव्वीस वर्षांचा असतां वारला. सुमारें साडेचारशें व्यक्तींचें तें रंगचित्र हिलनें १८६६ सालीं पुरें केलें. परंतु आज जगांत नांव आहे तें त्या रंगचित्राचें नव्हे, तर त्याच्या तयारीसाठीं काढलेल्या त्या कागदी छायाचित्रांचें.

१८५१ सालीं फ्रेडरिक स्कॉट आर्चर यानें ओल्या कलोडियनची कृति प्रसिद्ध केली आणि चित्रशाळांचा धंदा गांवोगांव पसरला. या कृतींत कांचेवर कलोडियनचा चिकट थर ओतावयाचा, ती कांच चांदीच्या क्षाराच्या द्रावणांत बुडवावयाची, आणि थर ओला आहे तोंच चित्र घेऊन लगेच काळोख्या खोलींत तें उमटवावयाचें. या धंद्याला वरच्या मजल्यावरची, उत्तरेकडे तिरप्या कांचेची खोली सोयीची असे. उत्तरेकडून सूर्याचें ऊन सरळ आंत येत नाहीं. येतो तो आकाशाचा पसरलेला, मऊ उजेड, आणि तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत फारसा बदलत नाहीं. छायाचित्रकाराची खरी विद्या पुढें सुरू होई. छपराखालीं निळे व पांढरे मलमलीचे पडदे दोऱ्यांवर सरकते ठेवलेले असत. वरचा पडदा ओढला कीं कपाळाची चकाकी कमी होई. बाजूचा सोडला कीं गालाला उठाव येई. उलट बाजूला पांढरें कापड उभें केलें म्हणजे सावलींतला डोळा जागा होई. केवळ चार पडदे हलवून एकाच चेहऱ्याला प्रौढ, कोंवळा, कठोर किंवा सौम्य करतां येत असे. म्हणजे शिसपेन हातीं घेण्यापूर्वींच निवड सुरू झालेली असे.

येथें एक भूगोलाची गोष्ट सांगितल्यावांचून माझ्यासारख्या जुन्या मास्तराला राहवत नाहीं. उत्तरेच्या उजेडाचा नियम युरोपांत बनलेला आहे. लंडन किंवा पॅरिस येथें सूर्य दुपारीं सदैव दक्षिणेकडेच असतो. आपली मुंबई मात्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस, सुमारें एकोणीस अक्षांशांवर आहे. मे महिन्याच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत येथील मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या किंचित् उत्तरेस जातो. त्या दिवसांत उत्तरेची कांच आपल्याकडे निर्धोक राहत नाहीं. त्यांतील बराच काळ पावसाळी ढगांचा, म्हणून तेवढी सुटका होते. परंतु मेच्या अखेरीस पडद्यांवांचून गत्यंतर नसे. शिवाय उष्णतेनें कलोडियनचा थर विलायतेपेक्षां लौकर सुके आणि पावसाळ्यांत दमटपणा सर्वच सामानाला बाधे. परदेशांतून आलेली विद्या येथें जशीच्या तशी चालविणें शक्य नव्हतें. तिला येथील आकाशाशीं जुळवून घ्यावें लागलें.

हें जुळवून घेण्यास आपल्याकडील मंडळीही मागें राहिलीं नाहींत. मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालीं स्थापन झाली. कलकत्ता व मद्रास येथील संस्था १८५६ च्या. मुंबईच्या सोसायटींत डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉ. नारायण दाजी हे होते, आणि हरिश्चंद्र चिंतामण यांनीं तर छायाचित्रणाचा धंदाच पत्करला.

आतां शिसपेनीकडे वळूं. त्या काळच्या प्लेटीला एक मोठा दोष होता. तिला निळा रंग दिसे, परंतु तांबडा व पिंवळा जवळजवळ दिसतच नसे. त्यामुळें निळें आकाश पांढरें उमटे आणि तांबड्या रंगाची पगडी काळी ठिक्कर होई. बाईच्या कपाळावरचें कुंकूं काळ्या टिकलीसारखें दिसे, हळदीचा पिंवळेपणा मळकट होई, आणि आपल्या लोकांचा गव्हाळ किंवा सांवळा वर्ण डोळ्यांना दिसतो त्याहून पुष्कळ गडद उमटे. गोऱ्या माणसाच्या नाकावरचे फिकट तपकिरी ठिपकेही देवीच्या वणांसारखे दिसत. म्हणजे सत्यवादी म्हणून ज्याचा लौकिक, तो प्रकाशाचा साक्षीदार अर्धा आंधळा होता! बर्लिन येथील हेर्मान फोगेल यानें १८७३ सालीं रंगद्रव्यें मिसळून प्लेटीची दृष्टि सुधारण्याची वाट दाखविली. परंतु तांबड्या रंगासह सर्व रंग बऱ्यापैकीं ओळखणाऱ्या प्लेटी १९०६ च्या सुमारास बाजारांत आल्या. मधल्या काळांत ही उणीव हातानें भरून काढणें भाग होतें.

१८५५ च्या पॅरिस येथील प्रदर्शनांत म्युनिकच्या फ्रान्ट्स हान्फस्टेंगल यानें दुरुस्त केलेल्या निगेटिव्हवरून काढलेलें चित्र मांडलें आणि तेव्हांपासून या हुन्नराचा बोलबाला झाला, असें इतिहासांत नमूद आहे. या हुन्नराचें मर्म असें: निगेटिव्ह कांचेंत सर्व उलटें असतें. चेहऱ्यावरची काळी सुरकुती तेथें पारदर्शक रेघ म्हणून दिसते. त्या रेघेंत टोंकदार शिसपेनीनें बारीक ठिपके भरले म्हणजे कागदावर छापतांना तेथून उजेड कमी जातो आणि सुरकुती फिकी पडते. शिसपेनीनें चेहरा उजळ तेवढा करतां येतो. कोठें गडद करावयाचें तर धारदार पात्यानें थर हलकेच खरवडावा लागतो. गुळगुळीत थरावर शिसें धरत नाहीं, म्हणून त्यावर आधीं राळेचें पातळ रोगण बोटानें चोळीत. कारागिरासमोर तिरपी चौकट असे, तींत कांच उभी, खालीं आरसा, आणि आरशावर पडणारा उजेड पुनः खिडकीचाच. समोर बसणारा आणि मागाहून दुरुस्त करणारा, दोघांचाही पोशिंदा एकच! फरक इतकाच कीं, चित्राखालीं चित्रशाळेच्या मालकाचें नांव छापलें जाई; ज्यानें तासन् तास डोळे ताणून तो चेहरा सांवरला, त्याचें नांव कोठेंही नसे.

दुरुस्ती एकदां सुरू झाली म्हणजे ती सुरकुतीपाशीं थांबत नाहीं. १८५७ सालीं ऑस्कर रेलँडर यानें तिसांहून अधिक निगेटिव्ह जुळवून एक भव्य चित्र छापलें. पुढच्याच वर्षीं हेन्री पीच रॉबिन्सन यानें पांच निगेटिव्हांतून एका मरणोन्मुख मुलीचें दृश्य रचलें. तें पाहून लोक हळहळले व संतापलेही. हीं निदान कलाकृति म्हणून मांडलेलीं होतीं. आपल्या मुंबईंत मात्र विल्यम जॉन्सन यानें १८६३ व १८६६ या सालीं दोन भागांत येथील निरनिराळ्या जातिजमातींच्या चित्रांचें जें पुस्तक काढलें, त्यांतील कित्येक चित्रांत माणसें एकीकडचीं आणि मागचा देखावा दुसऱ्याच निगेटिव्हवरचा आहे. तें पुस्तक केवळ शोभेचें नव्हतें. या देशांतील लोक कसे आहेत याची माहिती देणारें म्हणून तें विलायतेंत पाहिलें गेलें. मनुष्य खरा, वस्त्र खरें, परंतु तो जेथें उभा आहे ती जागा त्याची नव्हे! एखाद्याच्या गालावरची सुरकुती पुसण्यापेक्षां ही लबाडी मला अधिक गंभीर वाटते. कारण पहिलीनें एक कुटुंब सुखावतें, दुसरीनें एका समाजाविषयीं परक्यांचें मत बनतें.

या सफाईला सर्वांनींच मान तुकविली असें नाहीं. १८१५ सालीं कलकत्त्यास जन्मलेल्या ज्यूलिया मार्गारेट कॅमेरन या बाईला वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षीं, १८६३ च्या अखेरीस, मुलगी व जांवई यांनीं कॅमेरा भेट दिला. वाइट बेटावरील आपल्या घरीं तिनें कोंबड्यांच्या खुराड्याची कांचघर करून टाकली. टेनिसन, डार्विन, हर्शेल अशा थोरांचीं चित्रें तिनें मोठमोठ्या कांचांवर काढलीं; दीर्घ वेळ बसविल्यानें तीं किंचित् धूसर आलीं, कांचेवर ओघळ व ओरखडे राहिले. लंडनच्या जाणत्यांनीं तिच्या हाताच्या गबाळेपणाची टवाळी केली. पण हर्शेलच्या त्या चित्रांत विस्कटलेल्या पांढऱ्या केंसांवर पडलेला उजेड पाहा. शिसपेनीनें तो चेहरा गुळगुळीत केला असता तर त्या वृद्ध शास्त्रज्ञाचे आयुष्यभराचे श्रमच पुसले गेले असते. ही बाई पुढें सिलोनांत राहिली व तेथेंच १८७९ सालीं वारली.

आपल्याकडे या धंद्याचा कळस लाला दीनदयाळ यांच्या काळीं दिसतो. मीरतजवळच्या सरधना येथें १८४४ सालीं जन्मलेला हा रुरकीचा विद्यार्थी इंदूरच्या बांधकाम खात्यांतील आराखडे काढण्याच्या नोकरींतून निजामाच्या दरबारापर्यंत गेला. हैदराबादेस त्यांनीं १८९२ सालीं पडदानशीन स्त्रियांसाठीं स्वतंत्र चित्रशाळा काढून ती एका इंग्रज बाईकडे सोंपविली; १८९६ सालीं मुंबईसही त्यांची शाखा निघाली. जिचा चेहरा परक्या पुरुषानें पाहावयाचा नाहीं, तिची तसबीर काढावयाची तर उजेडाइतकाच विश्वासही लागतो, हें त्यांनीं जाणलें होतें.

पुढें विजेचे दिवे आले आणि कांचेचीं छपरें हळुहळू बंद झालीं. तरी जाणत्यांची त्या उजेडावरची प्रीति गेली नाहीं. १९४८ च्या डिसेंबरांत अर्व्हिंग पेन या अमेरिकन छायाचित्रकारानें पेरू देशांतील कुझ्को येथें एक जुनी, दिवसाउजेडीं चालणारी चित्रशाळा भाड्यानें घेतली आणि नाताळच्या त्या दिवसांत तेथील माणसांचीं जीं चित्रें घेतलीं, तीं आजही वाखाणलीं जातात. दुसरीकडे १९९० सालीं फोटोशॉप नांवाची संगणकाची योजना बाजारांत आली आणि राळ, शिसपेन व पातें यांचें काम पडद्यावर होऊं लागलें. आज तर खिशांतला फोन न विचारतांच चेहरा गुळगुळीत करून देतो. पूर्वीं एका चेहऱ्याला तास लागे, म्हणून कारागीर थोडें थांबून विचार करी; आतां श्रम गेले आणि त्यांबरोबर तो विचारही जाण्याचा संभव आहे.

मग दुरुस्ती करावी कीं करूं नये? मला इतिहास असें शिकवितो कीं, दुरुस्ती दोन जातींची असते. रसायनानें जो अन्याय केला तो दूर करणें ही एक. काळें पडलेलें कुंकूं, उगाच गडद झालेला चेहरा, कांचेवरचा ओघळ, हें नीट करणें म्हणजे सत्याकडे परत जाणें होय. काळानें जें चेहऱ्यावर लिहिलें, किंवा जन्मानें जो वर्ण दिला, तें पुसणें ही दुसरी. आपल्या समाजांत लग्न ठरविण्यासाठीं पाठवावयाच्या फोटोंत मुलीचा वर्ण उजळ करून देण्याची चाल वर्षानुवर्षें चालत आली आहे. त्या शिसपेनीनें फसविला जातो तो केवळ वरपक्ष नव्हे. तूं आहेस तशी पुरेशी नाहींस, असें त्या मुलीला तिच्याच घरचे, तिच्याच तसबिरींतून सांगतात. एवढ्या एका गोष्टीसाठीं तरी या हुन्नराचा हिशेब आपण मागितला पाहिजे.

आणि एक व्यवहाराची सूचना. घरांतील जुने फोटो हल्लीं पुष्कळ लोक संगणकावर उजळून, रंगवून घेतात. अवश्य घ्यावेत, परंतु मूळ प्रत फेंकूं नये. फिकी झालेली, डाग पडलेली ती प्रत अंधाऱ्या, कोरड्या जागीं जपून ठेवावी, आणि तींत कोण आहे, केव्हांचें आहे, हें तिच्या पाकिटावर स्वच्छ अक्षरांत लिहावें. नव्या प्रतींत दिसतो तो आपल्या आवडीचा चेहरा. त्या जुन्या कागदावर मात्र एका विशिष्ट दिवशीं, एका विशिष्ट खिडकींतून आलेला उजेड खरोखरच त्या माणसाला स्पर्शून थांबलेला आहे. तो पुन्हा कोणालाही आणतां यावयाचा नाहीं.