इम्युनोटॉक्सिन : टी पेशी हटवणारे औषध

नेमकी पेशी ओळखणारे प्रथिन आणि ती मारणारे विष यांच्या जोडणीला इम्युनोटॉक्सिन म्हणतात. ओळखण्याचे काम प्रतिपिंड करते. इंटरल्युकिन-2 सारखे संदेशवाहक प्रथिन वापरले, तरी अशा औषधाची गणना याच कुळात होते. विष एरंडाच्या बियांतले रिसिन असते, किंवा घटसर्पाच्या अथवा स्युडोमोनास जिवाणूचे.

अस्थिमज्जा प्रत्यारोपणात टी पेशी, म्हणजे परके ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, दोन्हीकडून नडतात. रुग्णाच्या उरलेल्या टी पेशी नवी मज्जा नाकारतात. दात्याच्या टी पेशी रुग्णाची त्वचा, यकृत आणि आतडी परकी समजून त्यांवर हल्ला करतात. भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण 1983 मध्ये परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी केले. आता बोरिवली पूर्वेला महापालिकेच्या केंद्रात थॅलेसेमियाच्या मुलांवर हा उपचार होतो. टी पेशी आवरण्यासाठी प्रत्यारोपणात सहसा सायक्लोफॉस्फामाइड किंवा घोड्याच्या वा सशाच्या रक्तातून मिळवलेली प्रतिपिंडे देतात. पवईच्या आयआयटीत जन्मलेल्या आणि ऑक्टोबर 2023 मध्ये मान्यता मिळालेल्या नेक्सकार-19 या कार-टी उपचाराआधीही (यात रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडतात) लसीकापेशी कमी करण्यासाठी केमोथेरपी द्यावी लागते. केमोथेरपीचा मारा विभाजन पावणाऱ्या इतर निरोगी पेशींवरही होतो.

इम्युनोटॉक्सिनचे खरे मोल इथे कळते. घटसर्पाचे विष पेशीतली प्रथिननिर्मिती बंद पाडते, त्यामुळे विभाजन न पावणारी, निवांत टी पेशीही मरते. विषाच्या मारक भागाचा एकच रेणू आत पोचला तरी पेशी मरू शकते, हे जपानी संशोधकांनी 1978 मध्ये दाखवले. सक्रिय टी पेशींवरच्या इंटरल्युकिन-2 ग्राहीवर नेम धरणारे, जनुकीय तंत्राने घडवलेले इम्युनोटॉक्सिन 1989 मध्ये इरा पास्तान यांच्या अमेरिकी प्रयोगशाळेत तयार झाले. ते घडवण्यात विजय चौधरी या भारतीय संशोधकाचा मोठा वाटा होता.

अडचणीही मोठ्या आहेत. रक्तवाहिन्यांतून द्रव झिरपून रक्तदाब कोसळू शकतो. शिवाय त्रिगुणी लस घेतलेल्यांच्या रक्तात घटसर्पाच्या विषाविरुद्धची प्रतिपिंडे आधीच असू शकतात आणि ती औषधालाच निकामी करू पाहतात. टी पेशींवरच्या सीडी-5 या प्रथिनाला ओळखणारे, रिसिन जोडलेले प्रतिपिंड प्रत्यारोपणाच्या रुग्णांत वापरून पाहिले. टिकाऊ लाभ दिसला नाही.

घटसर्पाचे विष आणि इंटरल्युकिन-2 यांचे संयुग असलेल्या डेनिल्युकिन डिफ्टिटॉक्सला अमेरिकेत 1999 मध्ये मान्यता मिळाली. पुढे ते बाजारातून गेले. त्याचे सुधारित रूप ऑगस्ट 2024 मध्ये मान्य झाले, तेही त्वचेतल्या टी पेशींच्या लिम्फोमासाठी; प्रत्यारोपणासाठी नाही.