करटक-दमनकाचा प्रवास आणि आपला वर्ग

पालकहो, मूल शाळेतून सिंह-कोल्ह्यांच्या चित्रांचे पुस्तक घेऊन आले, की आपल्यापैकी कित्येकांच्या कपाळाला आठी पडते. “शिकायला पाठवले की चित्रे पाहायला?” हा प्रश्न मुलाच्या काळजीपोटीच येतो. त्याचे उत्तर मात्र आपल्या इतिहासात शोधले पाहिजे.

पंचतंत्रातील पशुकथा इराणचा बादशहा खुसरो अनुशिरवान (इ. स. 531–579) याच्या कारकीर्दीत बुर्झोय या हकिमाने पहलवी भाषेत नेल्या. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने त्या अरबीत आणल्या. करटक आणि दमनक हे दोन कोल्हे तेथे कलीला व दिमना झाले. ग्रंथालाही तेच नाव मिळाले. प्राण्यांच्या संवादाने तरुणांचे मन ओढले जावे आणि रंगीत चित्रांनी राजांचे मन रमावे, असे हेतू त्यात सांगितले आहेत. तेराव्या शतकातील सचित्र अरबी हस्तलिखित आजही पाहावयास मिळते. पुढे हेरातच्या हुसेन वाइझ काशिफीने याच कथा ‘अन्वार-ए-सुहैली’ या नावाने अलंकारिक फारसीत लिहिल्या. अकबराच्या काळी, 1570 मध्ये, तिची सचित्र प्रत तयार झाली. तरीही भाषा जड वाटल्याने अकबराने अबुल फजलकडून 1588 मध्ये सोपी ‘इयार-ए-दानिश’ लिहवून घेतली. बादशहालाही सोपी भाषा हवी होती. मग सहा वर्षांच्या मुलाने ती मागितली तर नवल काय?

युरोपात कोमेनियसने 1658 मध्ये मुलांसाठी ‘ऑर्बिस पिक्टस’ हे सचित्र पाठ्यपुस्तक काढले. त्यात अक्षरओळख प्राण्यांच्या आवाजांवरून करून दिली आहे.

आपल्या अनेक घरांत उर्दू वा दखनी बोलली जाते आणि शाळेत मराठी कानी पडते. अशा वर्गात कासवाचे चित्र दाखविले, की मूल “कछुआ” म्हणते. शिक्षकांनी त्याला चुकीचे ठरवू नये. त्याच्या शब्दाशेजारी “कासव” ठेवावे. चित्र एक, शब्द दोन! मग पान झाकून विचारावे, “पुढे काय होईल?” मूल विचार करून बोलू लागते. अर्थात केवळ चित्रांनी वाचन येत नाही. ओळीवर बोट फिरलेच पाहिजे.

माता-भगिनींनो, आपणांस अक्षर येत नसले तरी चित्र वाचता येते. आज रात्री मुलाला जवळ घ्या, पुस्तक उघडा आणि विचारा, “हा कोल्हा काय म्हणतो?” इल्मची सुरुवात तेथूनही होते.